वाँटन म्हणजे काय रे भाऊ?

"रात्री काय खायचं?" या प्रश्नाला हॉस्टेलवर तीनच उत्तरं असतात. मेस, मॅगी आणि चायनीज. मेस नाइलाजाने, मॅगी कंटाळ्याने आणि चायनीज कुणाच्या तरी घरून पैसे आले की. पण गंमत बघा. मेसच्या भाजीत काय आहे (किंवा काय नाही) यावर आम्ही तासभर वाद घालू शकतो. 'चायनीज' म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तर मात्र ओरलला एक्स्टर्नलसमोर बसल्यासारखे छताकडे बघतो. फार तर उत्तर येतं, "चायनीज म्हणजे... चायनीज रे! लाल असतं, कोबी असतो, आणि तो गाडीवाला मोठ्या आचेवर ठणाठण वाजवतो."

व्हायव्हात हे उत्तर चालणार नाही. माझ्या मते ते हॉस्टेलवरही चालू नये. का, ते सांगायला हा लेखप्रपंच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते थेट व्यंगचित्रांच्या पानावर जाऊ शकतील. आपल्यापैकी प्रत्येकाने, मुलगा असो वा मुलगी, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदा तरी आपल्या घरी वाँटन सूप अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करावं, आणि ते केल्यावर 'चायनीज' हा शब्द जरा जपून वापरावा.

(रेक्टर सरांनी दचकू नये. मी 'घरी' म्हणतोय. रूमवर इंडक्शन, कॉइल आणि इस्त्रीवर भाजलेले पापड या विषयावर वेगळा लेख होईल, पण तो पास झाल्यावर.)

आता पहिला प्रश्न, वाँटन सूपच का? नूडल्स का नाहीत, मंचुरियन का नाही? कारण सोपं आहे. या पदार्थात लपायला जागा नाही. मंचुरियनचा गोळा कसाही झाला तरी वरून ग्रेव्ही ओतली की झाकली मूठ सव्वा लाखाची. वाँटन सूपचं तसं नाही. मैद्याची कागदासारखी पातळ पारी, आत लहानसं सारण, आणि ते ज्यात सोडायचं ते पाणी इतकं स्वच्छ की वाडग्याचा तळ दिसावा. त्याला रस्सा म्हणता येत नाही. आपल्या भाषेत त्याला जवळचा शब्द 'सार'. पारी जाड झाली, दिसते. सारण सुटलं, दिसतं. सार गढूळ झालं, तेही दिसतं. सबमिशनला दुसऱ्याची जर्नल उतरवून काढणाऱ्या आपल्यासारख्यांना असा एखादा पदार्थ हवाच.

दुसरं कारण म्हणजे त्याचं नाव. खरं तर नावं. उत्तर चीनमध्ये याला म्हणतात हुंदुन. दक्षिणेत, ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगला, कँटनी बोलीत वान्तान. इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं 'वाँटन' ते हेच. कँटनी लोक हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा सरळ अर्थ आहे 'ढग' आणि 'गिळणे'. सुपात तरंगणारं पांढरं, सुरकुतलेलं वाँटन एकदा बघितलं की या नावाचं कौतुक वाटतं. तिकडे सिचुआनमध्ये याच पदार्थाला चाओशौ म्हणतात, म्हणजे हाताची घडी. कारण पारी दुमडताना तिची दोन टोकं छातीवर हात बांधल्यासारखी एकमेकांवर येतात. आपल्या बालवाडीतल्या बाईंचं 'हाताची घडी, तोंडावर बोट' सिचुआनमध्ये चक्क खातात!

नावं वेगळी तशी चवही वेगळी. हाँगकाँगच्या वाँटनमध्ये कोळंबी आणि डुकराचं मांस. सोबत अंडं घातलेल्या बारीक, चिवट नूडल्स, आणि सुकवलेल्या चपट्या माशाचा वास असलेलं सार. (सुक्या मासळीच्या वासावर जेवणारे आपले कोकणातले मित्र इथे मान डोलावतील.) सिचुआनचं चाओशौ लाल तिखट तेलात न्हालेलं. शांघायला मोठमोठी वाँटन, आत मांसाबरोबर पालेभाजी. आणि फुजियान प्रांतात फूचौला तर पारीच मांसाची असते. डुकराचं मांस कुटून कुटून, रताळ्याचा स्टार्च घालून कागदासारखं पातळ लाटतात. काही भागांत वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, म्हणजे डिसेंबरातल्या अयनदिनाला, हुंदुन खायची रीत आहे.

एका पदार्थाच्या इतक्या तऱ्हा. आता विचार करा. कोल्हापूरचा तांबडा, नागपूरचा सावजी आणि मालवणचं कालवण यांना कुणी परदेशात एकाच पातेल्यात ओतून 'इंडियन करी' असा बोर्ड लावला, तर आपलं डोकं फिरतं की नाही? कोल्हापूरवाल्यांचं तर नक्कीच फिरतं. आपण मात्र एवढ्या मोठ्या देशाचं अख्खं स्वयंपाकघर एका शेझवान चटणीत बुडवून मोकळे!

असो. आता प्रॅक्टिकलकडे वळू. साहित्य चार माणसांचं, वाँटन चाळीसेक होतील.

पारी. अडीचशे ग्रॅम मैदा, एक अंडं, अर्धा चमचा मीठ आणि साठ-सत्तर मिलिलिटर पाणी. पीठ घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. सुरुवातीला ते एकत्रच येत नाही. परातीत नुसता भुगा दिसतो आणि पाणी वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. झाकून पंधरा मिनिटं ठेवा, परत मळा, परत अर्धा तास ठेवा. मैद्यातल्या प्रथिनांचं जाळं, ज्याला ग्लुटेन म्हणतात, ते आपोआप सैलावतं आणि मघाचं हट्टी पीठ लोण्यासारखं लाटलं जातं. मटेरियल सायन्सच्या तासाला 'स्ट्रेस रिलॅक्सेशन' हा शब्द ज्यांनी नुसता पाठ केलाय, त्यांनी इथे तो हाताने अनुभवावा.

कँटनी पारी पिवळसर आणि चिवट असते त्याचं रहस्य अल्कलीत आहे. तिकडे पिठात खाराचं पाणी घालतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियमची कार्बोनेटं असतात. अल्कलीमुळे ग्लुटेनचं जाळं आवळतं आणि मैद्यातली मूळची रंगद्रव्यं पिवळी दिसू लागतात. आपल्या घरात हे तत्त्व नवीन नाही. उडदाच्या पापडात पापडखार घालतात तो याच जातीचा. तो नसेल तर खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तासभर भाजा. सोडियम बायकार्बोनेटचं सोडियम कार्बोनेट होतं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं समीकरण मांडून बघा, १६८ ग्रॅम सोड्याचे १०६ ग्रॅम उरतात. घरी वजनकाटा असेल तर मोजून बघा. जर्नलमध्ये मारलेलं रीडिंग आणि खरं रीडिंग यातला आनंदाचा फरक तेव्हा कळतो. मात्र पिठात घालायचा तो चिमूटभरच, आणि ओल्या हाताने धरायचा नाही, झोंबतो.

सारण. पाव किलो चिकनचा खिमा, शक्यतो तंगडीचा. मिळाली तर निम्मी कोळंबी. त्यात किसलेल्या आल्याचा रस, बारीक चिरलेली कांद्याची पात, एक चमचा सोया सॉस, एक चमचा तिळाचं तेल, पांढरी मिरपूड, मीठ, एक चमचा कॉर्नफ्लोअर. मग थोडं थोडं गार पाणी घालत एकाच दिशेने फेटायचं. खिमा चिकट व्हायला लागतो, कारण मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून बाहेर येतात आणि सगळं धरून ठेवतात. हे केलं नाही तर शिजल्यावर सारण भुसभुशीत लागतं. गरम मसाला, हळद, धणेपूड यांतलं काहीही घालायचं नाही. आईने डबा पुढे केला तरी नाही!

सार. खरी परीक्षा इथे. चिकनवाल्याकडून पाऊण किलो हाडं, माना, पंजे आणा. आधी तीन-चार मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या आणि हाडं धुऊन घ्या. मग दोन लिटर ताजं गार पाणी, आल्याचे चार काप, पातीच्या कांद्याचे पांढरे बुडखे. मंद आचेवर दीड-दोन तास, झाकण किलकिलं ठेवून. पाण्याला खदखदा उकळी येऊ द्यायची नाही, तळातून एखादा बुडबुडा यावा इतपतच. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहायचा. घाई करून गॅस मोठा केला की चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून इमल्शन होतं आणि सार दुधट होतं. नंतर कितीही गाळा, स्वच्छ होत नाही. म्हणजे दोन तासांचं काम दोन तासच घेणार. आदल्या रात्रीचा अभ्यास इथे चालत नाही. मीठ शेवटी.

घडी. पीठ पोळपाटावर जितकं पातळ लाटता येईल तितकं लाटा. खालचा पोळपाट अंधुक दिसला पाहिजे. आठ-नऊ सेंटीमीटरचे चौकोन कापा, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. मधे छोटा चमचा सारण, कडांना पाण्याचं बोट, दुमडून त्रिकोण. आतली हवा दाबून काढा. ही पायरी गाळू नका. हवा राहिली की गरम पाण्यात ती प्रसरण पावते आणि वाँटन फुटतं. चार्ल्सच्या नियमाला स्वयंपाकघरात सूट नाही. मग त्रिकोणाची दोन टोकं एकमेकांवर आणून चिकटवायची. झाली हाताची घडी.

शिजवायचं मात्र वेगळ्या पातेल्यात, साध्या उकळत्या पाण्यात. थेट सारात सोडलं तर मैद्याचा स्टार्च उतरतो आणि दोन तासांची मेहनत गढूळ होते. वाँटन वर तरंगलं की अजून मिनिट-दीड मिनिट ठेवा, एक कापून आतून शिजल्याची खात्री करा, बाकीची वाडग्यात काढा, वरून गरम सार, थोडी पात. बास.

मी हे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सांगली जिल्ह्यातल्या आमच्या घरी केलं. सोबत माझा रूम पार्टनर होता. तो इंफाळचा. चार दिवसांच्या सुट्टीत तिकडे जाऊन येणं ना वेळेत बसत ना पैशात, म्हणून तो आमच्याकडे आला. चाळीस वाँटनच्या घड्या घालणं एकट्याचं काम नाही. चीनमध्येही घरोघरी सगळे टेबलाभोवती बसून घालतात. आमच्याकडे जमिनीवर बसकण मारली. आई लाटायला, मी आणि तो सारण भरायला. आजी माळकरी, त्यामुळे तिचं पातेलं वेगळं, सारण वेगळं. तिच्यासाठी कोबी मीठ लावून पिळून, गाजर, मशरूम आणि पनीर; पारी अंड्याशिवायची; सार भाज्यांचं. थोडा वेळ ती आमचं काम बघत बसली आणि मग म्हणाली, "अरे ही तर करंजीच की! तळायची सोडून पाण्यात टाकताय व्हय?" आणि पुढे सरकून बसली. तिची घडी आमच्या दोघांच्या घडीपेक्षा सरस होती. पन्नास वर्षं करंज्यांना मुरड घातलेले हात ते. चीनमधली ती घडी तिला कुणी शिकवली नव्हती आणि शिकवावीही लागली नाही.

घड्या घालता घालता गप्पा निघाल्या. आजीने त्याला विचारलं, "तुमच्यात भाऊबीज असते का रे बाळा?" तो म्हणाला, असते तशीच. निङोल चाक्कौबा म्हणतात. साधारण भाऊबीजेच्याच सुमाराला येते. लग्न झालेल्या मुली, बहिणी माहेरी येतात. माहेरचे त्यांना जेवू घालतात, मासे तर हवेतच. आजीला फार आवडलं. माशांचं सोडून.

आणि गंमत म्हणजे त्याने वाँटन त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. त्याच्या घरचं जेवण म्हणजे भात, मासे, भाज्या उकडून त्यात मिरची आणि आंबवलेला मासा घालून कुस्करलेलं इरोंबा. पहिला घास घेतल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "यात तिखट कुठाय?" आजीने मुकाट ठेच्याची वाटी पुढे केली. तेव्हा कुठे त्याला सूप लागलं.

तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "काय, चायनीज पाहुणा आलाय म्हणून चायनीज केलंय होय?" आजीने मान वर न करता उत्तर दिलं, "पाहुणा मणिपूरचा हाय. आणि घड्या म्या घातल्यात." काका हसले, आम्हीही हसलो, विषय संपला.

संपला असं मला वाटलं. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "तुझ्या आजीने माझ्या आधी उत्तर दिलं. एरवी ते रोज मलाच द्यावं लागतं." रिक्षावाल्याला, दुकानदाराला, आपल्याच वर्गातल्या पोरांना. मी काय बोलणार होतो?

म्हणून म्हणतो, हा शब्द जपून वापरायचा मुद्दा फक्त जिभेच्या चवीचा नाही. आपल्या हॉस्टेलवर 'चायनीज' हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. एकदा ताटातल्या वस्तूसाठी आणि एकदा ईशान्येकडून आलेल्या मुलासाठी. दोन्ही वेळेला कारण एकच, माहिती करून घ्यायचा आळस. 'गंमत म्हणून म्हणतो रे' असं आपलं समर्थन असतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी अशाच गमतीला उलट बोलला, त्यातून मारामारी झाली आणि तो जिवाला मुकला. त्याचं वय आपल्याएवढंच. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिचा अहवालही आला. २०२० मध्ये करोना आल्यावर याच मुलामुलींना रस्त्यात 'करोना' म्हणून हाका मारल्या गेल्या, आणि गृहमंत्रालयाला राज्यांना त्याबद्दल सूचनापत्र काढावं लागलं. समित्या आणि पत्रकं आपलं काम करतील. पण हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये समिती येऊन उभी राहत नाही. तिथे आपणच असतो.

आणि समजा एखादा खरोखरच चिनी वंशाचा असला, तरी काय बिघडलं? कोलकात्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक राहतात. टांग्रा भागातल्या हाक्का कुटुंबांनी चामडं कमावण्याचे कारखाने काढले, पुढे हॉटेलं काढली. आपण 'हाक्का नूडल्स' म्हणतो त्यातलं 'हाक्का' हे त्या लोकांचं नाव आहे, मसाल्याचं नव्हे. मुंबईत माझगावला आजही एक छोटंसं चिनी मंदिर आहे. १९६२ च्या युद्धात मात्र चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. चेहऱ्यावरून माणूस ओळखला की काय होतं, याचं हे उदाहरण आपल्याच देशातलं आहे. हिस्टरी आपल्या सिलॅबसला नाही म्हणून ते घडलं नाही असं नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे गाडीवरचं खायचं नाही का? खायचं की! उलट ते जास्त अभिमानाने खा. मंचुरियनचा जन्म मुंबईतला. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची या आपल्या वाटणाला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरची जोड देऊन चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं. चायनीज भेळ तर शांघायला जाऊन मागितली तर लोक आपल्याकडे बघत राहतील. ती आपली आहे, वडापावइतकी आपली. गाडीवर मोठ्या आचेसमोर मध्यरात्रीपर्यंत उभा राहणारा माणूस कमी कष्ट करत नाही. त्याच्या पदार्थाला कमी लेखायचं नाहीये. त्याला त्याचं खरं नाव द्यायचंय, इतकंच. जे आपलं आहे त्याला आपलं म्हणा, आणि जे दुसऱ्याचं आहे ते एकदा तरी नीट, त्याच्या पद्धतीने करून बघा.

काही मित्रांचे आक्षेप आधीच ऐकू येताहेत. पहिला, 'एवढा वेळ कुणाला आहे?' मित्रहो, गेमिंगला रात्र काढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये. पीठ मुरत असतं तेव्हा सार होत असतं, सार होत असतं तेव्हा सारण होतं. पर्ट चार्ट काढून बघा, एकूण तीन तासांत बसतं. दुसरा, 'आम्ही शाकाहारी.' आजीचं पातेलं वर सांगितलंच आहे. मशरूमचे देठ, कोबीचा दांडा, गाजर, आलं यांचं सार चाळीस मिनिटांत होतं आणि उत्तम होतं. तिसरा, खास मुलांचा, 'स्वयंपाक आपलं काम नाही.' याला उत्तर द्यायला मी आमच्या आईला बोलावतो. तिचं उत्तर संपादकांना छापता येणार नाही.

चौथा आक्षेप खरा आहे. 'एका वाडगाभर सुपाने कुणाचं डोकं बदलतं का रे?' नाही बदलत. सूप पिऊन कुणी संत होत नाही. पण वाँटन हाताने केलेल्या माणसाला एक गोष्ट कळलेली असते. आपण ज्याला एका शब्दात उडवून लावत होतो त्याच्या आत दोन तासांचं सार आहे, चार प्रांतांची चार नावं आहेत, आणि आपल्याच आजीच्या बोटांत बसलेली घडी आहे. हे एकदा हाताला कळलं की पुढच्या वेळी तोच शब्द एखाद्या मुलाच्या तोंडावर फेकताना जीभ किंचित अडखळते. तेवढं अडखळणं मला पुरेसं आहे. प्रश्न विचारायची सुरुवात तिथूनच होते. "तू कुठला? घरी काय खाता? सण कुठले?" इतके साधे प्रश्न. चार वर्षं शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला आपण ते विचारलेलेच नसतात.

शिक्षकवर्गाला आणि मेस कमिटीला जाता जाता एक सूचना. दरवर्षी गॅदरिंगला 'फूड फेस्टिव्हल' होतो. त्यात पाच स्टॉल चायनीजचे असतात आणि पाचहीवर एकच सॉसची बाटली फिरते. यंदा एक स्टॉल इरोंबाचा लावा, एक खासी लोकांच्या जादोहचा, एक खऱ्या वाँटनचा. करणाऱ्यांनी समोर उभं राहून करावं, आणि पदार्थाचं नाव त्याच्या भाषेत, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहावं. मेसवाल्या मावशींना घड्या घालायला बोलवा. त्या आपल्या सगळ्यांना हरवतील, आणि निदान एक दिवस पोरं त्यांच्या हाताखाली काम करतील.

पुढच्या सुट्टीला घरी जाल तेव्हा दोन गोष्टी करा. पाव किलो मैदा जास्तीचा आणा. आणि शेजारच्या खाटेवरच्याला विचारा, "येतोस का आमच्याकडे?" तो जिथला कुठला असेल तिथला. ठेचा मात्र तयार ठेवा.